वायवाला आवाज का फुटत नाही?

(पत्र लांब होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.)

ताई, मी नागपूरची, मानेवाड्याकडे राहते. बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी दहावी २०२१ ची, म्हणजे कोरोना बॅच. परीक्षा न देताच ९४ टक्के पडले. बारावीला मात्र फिजिक्सच्या पेपरला हात थरथरायला लागले, येत होतं तेसुद्धा लिहिता आलं नाही. ६१ टक्के. माझे ९४ फुकटचे होते हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आता कॉलेजात प्रत्येक वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेच. रात्री सगळं पाठ असतं, सरांसमोर उभी राहिले की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, आवाजच फुटत नाही. मागच्या सेमला पोट बिघडल्याचं सांगून दोन प्रॅक्टिकल बुडवली. डबा लायब्ररीमागच्या जिन्यात खाते, कॅन्टीनला जायची हिंमत होत नाही. रात्री अडीच-तीनपर्यंत मोबाईल, सकाळी उठवत नाही. कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये. बाबा म्हणतात, "सगळ्याइलेच झाला होता कोरोना, तुलेच काय झालं येवढं?" मैत्रिणीच्या काकांचं मेडिकल आहे. ती म्हणते, वायवाच्या आधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घे, काही होत नाही. घेऊ का? डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर आई म्हणते, लोक म्हणतील पोरीला पागलखान्यात नेलं. हिवाळी परीक्षा तोंडावर आली आहे. हा आजार आहे की माझा आळस, तेवढं सांगा.

आणि एक. एप्रिल २०२१ मध्ये माझी आजी, बाबांची आई, कोरोनाने गेली. दवाखान्यात नेली ती परत दिसलीच नाही. घरात सगळ्यात आधी ताप मला आला होता. त्याच आठवड्यात मी नोट्सची झेरॉक्स काढायला बाहेर गेले होते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

— एक वाचक, मानेवाडा

आधी मधल्या एका ओळीबद्दल बोलू. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. "सकाळ होऊच नये" असं तू लिहिलंस. खूप दमलेलं माणूसही असं म्हणतं आणि जगणं नकोसं झालेलं माणूसही असंच म्हणतं. पत्रावरून मला फरक कळत नाही, म्हणून सरळ विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, केव्हा, असं काही डोक्यात घोळतं का? उत्तर "हो" असेल किंवा "माहीत नाही" असेल, तर पुढचं वाचायचं सोड आणि १४४१६ फिरव. ही सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आणि त्याच रात्री घरातल्या एका माणसाला उठवून सांग. आई झोपमोड केली म्हणून चिडली तर चिडू दे. असं विचारल्याने नसलेला विचार पोरांच्या डोक्यात शिरतो, असं पुष्कळ पालकांना वाटतं. तसं होत नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं.

आता तुझा प्रश्न. आळस नाही. आळशी माणूस रात्रभर मेकॅनिझम पाठ करून सकाळी पोट बिघडल्याचं निमित्त शोधत नाही; तो पाठच करत नाही आणि मजेत कॅन्टीनला बसतो. तू वर्णन केलंस ते चार लोकांसमोर तपासलं जाण्याच्या भीतीचं आहे, आणि ही भीती वाढली की तिला वैद्यकात नाव आहे, उपचार आहे. त्या जोडीला झोपेचा पार बट्ट्याबोळ झाला आहे आणि आजीचं दुःख तसंच पडून आहे. यातलं किती काय आहे, उदासीचा आजारही आहे का, हे समोर बसून तासभर बोलल्याशिवाय कोणी सांगू नये. मीही सांगणार नाही.

पण "तुलेच काय झालं येवढं" याचं उत्तर मात्र मला द्यायचं आहे, कारण ते बाबांनाही वाचायला देता येईल.

तुझ्या बॅचचा हिशेब कोणी नीट मांडतच नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये राज्यात नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. तू तेव्हा नववीत होतीस. मग अख्खी दहावी घरात. मार्च २०२१ मध्ये नागपुरात पुन्हा आठवडाभराचं लॉकडाऊन लागलं, एप्रिलमध्ये बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५०, दहावीच्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, या सूत्राने निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, आणि लगेच टिंगल सुरू. अकरावीसाठी सीईटी घेऊ म्हणाले, पोरांनी पुन्हा पुस्तकं काढली. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्दबातल केली. शहरातली कॉलेजं ऑक्टोबरात उघडली, जानेवारीत ओमायक्रॉनने परत बंद झाली. म्हणजे नववीच्या पहिल्या सत्रानंतर तुला खऱ्या अर्थाने मोठी परीक्षा मिळाली ती थेट बारावीची, फेब्रुवारी २०२३ ला. तुमच्या आधीच्या, २०२२ च्या बॅचला अभ्यासक्रम कमी केलेला होता, वेळ वाढवून दिला होता. तुमच्या वाट्याला पूर्ण अभ्यासक्रम आला.

परीक्षा ही माहितीची असते तशी सवयीचीही असते. घंटा वाजली की पोटात गोळा येणं, पहिला प्रश्न अडला की दुसऱ्यावर उडी मारणं, शेजारचा पुरवणी मागतोय हे दिसूनही आपलं लिहीत राहणं, हे मुलं तेरा ते सतराच्या वयात घटक चाचण्या आणि सहामाह्या देत देत शिकतात. तुझा हा सराव बरोबर त्याच वयात तुटला. फिजिक्सच्या पेपरात तुझी बुद्धी कमी पडली नाही. ९४ टक्के फुकटचे असते तर फार्मसीची चार सेमिस्टर तू काढली नसतीस.

तोंडी बोलण्याचं तर त्याहून वाईट झालं. वर्गात सर नाव घेतात, चाळीस माना वळतात, उत्तर चुकतं, पोरं हसतात आणि मधल्या सुट्टीत सगळे विसरतात. असं शंभरदा झालं की चुकण्याची भीती बोथट होते. तुमच्या वाट्याला आला बंद कॅमेऱ्याचा काळा चौकोन आणि म्यूटचं बटण. सरांनी नाव घेतलं की "सर, नेटवर्क नाही." मला पोरांचा राग येत नाही, त्या दिवसांत एका मोबाईलवर दोन भावंडं शिकत होती आणि नेटवर्क खरंच नसायचं. पण त्या बटणाने एक खोड लावली: भीती वाटली की निसटायचं, निसटलं की लगेच बरं वाटायचं. आज पोट बिघडल्याचं कारण सांगताना, जिन्यात डबा खाताना तू तेच बटण दाबते आहेस. निसटलीस की धडधड पाच मिनिटांत थांबते, आणि शरीर धडा घेतं की आपण पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आधीपेक्षा लवकर घाबरतं. ही भीती वाढते ती अशी.

आणि तू एकटी नाहीस, हे केवळ धीर द्यायला म्हणत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बालरोगावरच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने जगभरातल्या २९ पाहण्या एकत्र करून आकडे छापले. त्यात सुमारे ८१ हजार मुलं-मुली होती. चारांत एकाला उदासीची ठळक लक्षणं, पाचांत एकाला चिंतेची. कोरोनाआधीच्या अंदाजांच्या हे जवळपास दुप्पट. मुलींमध्ये प्रमाण जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की महामारीच्या पहिल्या वर्षात जगात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, आणि तरुण व बायका यांना झळ जास्त बसली. लक्षणं असणं आणि आजार असणं यात फरक आहे, हे तू फार्मसीची म्हणून तुला सांगायला नको. पुष्कळ मुलं शाळा सुरू झाल्यावर आपोआप सावरलीही. काहींना तर घरी बसणं मानवलं होतं. शाळेत ज्यांना रोज चिडवलं जायचं त्यांना विचार. पण ज्यांची गाडी रुळावर आली नाही, त्यांना "सगळ्यांनाच झालं होतं" म्हणून काय मिळतं? पाऊस सगळ्यांवर पडला तरी गळतं ते एखाद्याचंच घर.

मात्र उलटी बाजूही सांगते. सगळंच कोरोनाच्या नावावर टाकू नकोस. असं केलं की २०२१ बदलता येत नाही म्हणून मीही बदलणार नाही, अशी गाठ मनात बसते. भीती सुरू कशाने झाली हे एक, ती आज कशावर जगते आहे हे दुसरं. ती जगते आहे पळण्यावर, आणि तिथे तुला हात घालता येतो.

तर आता वायवा. मला त्या कॉरिडॉरचं चित्र चांगलं माहीत आहे. लॅबबाहेर पांढरे अॅप्रन घातलेला घोळका, हातात जर्नल, आतून एकेक जण बाहेर येतो आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात: "काय विचारलं रे? एक्स्टर्नल कसा आहे?" तो सांगतो, "लय खतरनाक आहे." तुझा नंबर येईपर्यंत तू त्याच्या तोंडून चार वायवा देऊन झालेली असतेस. त्या घोळक्यात उभं राहायचं नाही. आणि शक्य असेल तर लॅबमधल्या सरांना आधी सांगून ठेव, "सर, माझा नंबर सुरुवातीला घेता का?" थांबण्यात जेवढी भीती वाढते तेवढी बोलण्यात वाढत नाही.

पण परीक्षेच्या दिवशी एकदम उडी मारायची नाही. त्याआधी पायरीपायरीने चढायचं. आजपासून घरी उत्तर मनात म्हणायचं नाही, उभं राहून मोठ्याने म्हणायचं. आई स्वयंपाकघरात असेल तर तिला ऐकव. तिला फ्युरोसेमाइड कळलं नाही तरी बिघडत नाही, कोणीतरी ऐकतंय एवढं पुरे. ते जमलं की एका मैत्रिणीला सांग, "मला उलटसुलट प्रश्न विचार." मग रोज एकदा लॅबमध्ये किंवा वर्गात मुद्दाम एक क्षुल्लक प्रश्न विचारायचा. "सर, ही रीडिंग दोनदा घ्यायची का?" एवढाच. मग कॅन्टीन: पहिल्या दिवशी एका मैत्रिणीबरोबर फक्त चहा, डबा नाही. प्रत्येक पायरीवर नियम एकच. धडधड सुरू झाली की तिथून निघायचं नाही, ती उतरायला लागेपर्यंत थांबायचं. ती उतरतेच. सुरुवातीला जास्त वेळ लागतो, मग कमी. एखाद्या पायरीवर अडलीस तर तिथेच दोन-चार दिवस राहा, पण खाली उतरू नकोस.

प्रत्यक्ष वायवाला श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे. चारपर्यंत मोजत घ्यायचा, सहा-सातपर्यंत सोडायचा, टेबलासमोर जायच्या आधी दोन-तीन मिनिटं. त्या दिवशी सकाळी चहा-कॉफी कमी कर. मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत बसू नकोस, बघितले की वाढतात. आणि एक वाक्य तयार ठेव: "सर, पहिलं मिनिट माझा आवाज अडकतो, थोडा वेळ द्या." हे म्हणायला लाज वाटेल. पण घाम पुसत गप्प उभ्या राहिलेल्या मुलीला "काही येत नाही" समजून शून्य देणारे बहुतेक परीक्षक हे ऐकल्यावर पाण्याची बाटली पुढे करतात. एखादा खडूस निघेल. त्याच्यासाठी सगळ्यांशी अबोला नको.

गोळीचं. नको घेऊस. प्रोप्रॅनोलॉल कशावर काम करतं हे तू मला शिकवशील: धडधड, थरथर कमी होते, म्हणून अशा भीतीत डॉक्टर कधी कधी देतातही. पण दमा असणाऱ्याला ते धोक्याचं, नाडी किंवा रक्तदाब आधीच कमी असेल तर त्रास. हे तपासल्याशिवाय ते शेड्यूल एचचं औषध चिठ्ठीविना घ्यायचं, आणि तेही उद्या काउंटरच्या पलीकडे उभी राहणाऱ्या मुलीने? काकांना म्हणावं, देऊही नका. अल्प्राझोलाम या शांत करणाऱ्या गोळीचा सल्ला कोणी देईल त्यालाही हेच सांग. त्याने सुस्ती येते, पाठ केलेलं आठवत नाही आणि सवय लागते ते वेगळंच. शिवाय गोळीच्या जोरावर वायवा निघाली तर श्रेय गोळीला जातं. तू बोलू शकतेस हे तुझ्या शरीराला कळतच नाही.

झोपेबद्दल फार लांबण लावत नाही. झोपायची वेळ जबरदस्तीने बदलत नाही, उठायची बदलते. रविवार धरून रोज सातला उठ, रात्र कशीही गेली तरी. दुपारी झोप नको. मोबाईल चार्जिंगला आई-बाबांच्या खोलीत लाव, गजराला साधं घड्याळ आण, बर्डीच्या बाजारात स्वस्तात मिळतं. पहिला आठवडा डोकं जड राहील.

आता आजीचं. पत्राच्या शेवटी "आणि एक" म्हणून लिहिलंस, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच होतं.

घरात पहिला ताप तुला आला म्हणून कोरोना तू आणलास, हे गणित बरोबर नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला कोणाला दोन दिवस लागत, कोणाला चौदा. लक्षणं दिसण्याच्या दिवस-दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला देत असे. काहींना लक्षणंच आली नाहीत आणि तेही देत होते. त्यामुळे आधी ताप आलेला माणूस आधी संसर्ग झालेला असतोच असं नाही. बाबांनी कामावरून आणला असेल, दूधवाल्याच्या पिशवीपाशी दोन मिनिटं बोलताना आईला लागला असेल, आजीलाच शेजारणीकडून आला असेल, आणि तुलाच आजीकडून. एप्रिल २०२१ मध्ये हे शहर कसं होतं ते आठव: रात्रभर अॅम्ब्युलन्सचे आवाज, बेडसाठी फोन, ऑक्सिजनसाठी चिठ्ठ्या, घाटांवर जागा नाही. त्या महिन्यात कोणाचा कोणाला लागला हे सांगणं डॉक्टरांनाही शक्य नव्हतं. आणि समजा, तुझ्याकडूनच आला. तरी तू पंधरा वर्षांची होतीस, परीक्षा होणार असं बोर्ड सांगत होतं, अभ्यासासाठी झेरॉक्सला गेली होतीस. यात गुन्हा कुठला?

हे वाचून ओझं लगेच उतरणार नाही, मला माहीत आहे. साडेचार वर्षं एकटीने धरलेली गोष्ट वाचून सुटत नाही, बोलून सैल होते. आजीला शेवटचं पाहायला मिळालं नाही. प्लास्टिकमध्ये बांधलेलं, पीपीई किट घातलेली चार अनोळखी माणसं, घरी आणायची परवानगी नाही, तेरवीला माणसं नाहीत. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहा-तेरा दिवस घर भरलेलं असतं, येणारा प्रत्येक जण "काय झालं हो?" विचारतो आणि तेच तेच शंभर वेळा सांगता सांगता रडणं होऊन जातं. त्या वर्षी हजारो घरांत ते झालंच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीने इतवारी-महाल दणाणून सोडणारं आपलं गाव. पण घरात गेलेल्या माणसाबद्दल अजून दबक्या आवाजात, तेही विषय बदलत.

आणि बाबांचा विचार कर. गेली ती त्यांची आई. दवाखान्याच्या गेटबाहेर उभे राहिले असतील तेच, सह्या केल्या असतील त्यांनी, घाटावर लांबून हात जोडले असतील त्यांनी. "तुलेच काय झालं येवढं" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःलाही तेच बजावत असतो. मी त्यांची वकिली करत नाही. ते बोलणं तुला लागलं, लागणारच. पण त्यांच्याशी बोलायची सुरुवात वायवापासून न करता आजीपासून केलीस तर दार उघडायची शक्यता जास्त. आईपासून सुरू कर, सोपं पडेल. "आई, त्या आठवड्यात मी झेरॉक्सला गेले होते, माझ्यामुळे झालं का, असं मला वाटत राहतं." एवढं एक वाक्य. पुढचं तिला बोलू दे. माझा अंदाज असा की ती म्हणेल, "अगं, मला वाटायचं माझ्यामुळे झालं." कित्येक घरांत प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःलाच आरोपी धरून बसलेला मी पाहिला आहे.

डॉक्टरकडे जायचं का? हो. वर सांगितलेलं आजपासून सुरू करायचंच, पण प्रॅक्टिकल बुडवण्यापर्यंत आणि सकाळ नकोशी होण्यापर्यंत गोष्ट गेली आहे, म्हणून हे एकटीने निभावू नकोस. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, मिहानच्या एम्समध्येही आहे. ज्याच्यामुळे आपल्या शहरात एका चौकाला पागलखाना चौक म्हणतात ते प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, आणि तिथेही झोप येत नाही, भीती वाटते, अशा तक्रारींसाठी ओपीडीत दाखवून माणसं घरी जातात. आईला तिथलं नाव नको असेल तर मेडिकलला जा. तिथे बाहेर बसलेल्याला तू त्वचेच्या डॉक्टरकडे आलीस की मानसोपचाराला, काय कळणार? लोकांच्या बोलण्याची भीती आईला एकटीलाच नाही. २०२१ मध्ये युनिसेफने २१ देशांत पाहणी केली, तेव्हा मानसिक त्रासात दुसऱ्याची मदत घेणं चांगलं असं म्हणणारे भारतातले १५ ते २४ वयाचे तरुण फक्त ४१ टक्के निघाले. बाकी वीसही देशांत ते निम्म्याहून जास्त होते.

तू अठराच्या वरची आहेस, एकटी गेलीस तरी चालतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, त्यानुसार तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, कॉलेजला कळवायचं काही कारण नाही. तिथे आधी बोलणं होईल. तुझ्यासारख्या भीतीवर विचार आणि वागणूक बदलण्याची जी उपचारपद्धती आहे, सीबीटी, तिचा चांगला उपयोग होतो. आठवड्याला एक अशा बैठका काही महिने लागतात. डॉक्टरांना वाटलं तर चिंता-नैराश्यावरचं एसएसआरआय गटातलं औषध देतील. ते तू शिकलीसच: गुण यायला दोन ते सहा आठवडे, सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा. पंचविशीच्या आतल्यांनी पहिले काही आठवडे मनात वाईट विचार वाढतात का यावर लक्ष ठेवायचं आणि वाढले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. त्याची नशेसारखी चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंदही करायचं नसतं.

कॉलेजातही विचार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तुमच्याकडे नेमला असेल तर भेट. नसेल तर ज्या मॅडम तुला त्यातल्या त्यात बऱ्या वाटतात त्यांना गाठ आणि बुडलेल्या दोन प्रॅक्टिकलचं खरं कारण सांग. हाजेरीचा प्रश्न परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी उपटण्यापेक्षा आता मिटलेला बरा.

ओपीडीला सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. आधार कार्ड घे, एक पुस्तक घे, जमलं तर मैत्रिणीला सोबत घे. आत गेल्यावर आवाज अडकला तर हेच पत्र मोबाईलवर काढून डॉक्टरांच्या पुढे धर. तू सगळं नीट लिहिलं आहेस.